दप्तरातला हॉलिडे सीझन : अमेरिकेत नव्यानं आलेल्या पालकांसाठी

शुक्रवारी पोर शाळेतून घरी आलं की डब्याच्या आधी फोल्डर बाहेर काढा. अमेरिकेतल्या बहुतेक प्राथमिक शाळा आठवड्यातून एकदा दप्तरातून कागदांची एक फाइल पाठवतात. एरवी तिच्यात रंगवलेली चित्रं आणि तपासलेल्या वर्कशीट असतात. ऑक्टोबर सरत आला की ती फुगायला लागते. बुक फेअर, फूड ड्राइव्ह, शिक्षकांच्या भेटीची वेळ, गाण्याचा कार्यक्रम, लवकर सुटण्याच्या तारखा. आम्ही न्यू जर्सीत आलो तेव्हा लेक पहिलीत होती. नोव्हेंबरमध्ये एक दिवस ती घरी येऊन रडायलाच लागली. वर्गात सगळे पायजम्यात, आणि ही एकटी इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये. त्या ‘पायजमा डे’चा कागद फोल्डरमध्येच होता. आम्ही तो कसलीतरी जाहिरात समजून बाजूला टाकला होता.

तिकडे दिवाळीची सुट्टी लागली की शाळेचा आणि घरचा संबंध तेवढ्यापुरता संपायचा, उरायचा तो फक्त गृहपाठाच्या वहीचा. इथे उलटं आहे. सुट्ट्या जवळ आल्या की शाळा पालकांना जास्त हाका मारते. त्या हाका ओळखायच्या कशा आणि कुठल्या हाकेला ओ द्यायची, एवढ्यापुरता हा लेख. मी लिहितेय ते सरकारी प्राथमिक शाळेबद्दल, किंडरगार्टन (पहिलीच्या आधीचं वर्ष) ते पाचवीपर्यंतच्या. राज्य बदललं, डिस्ट्रिक्ट (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) बदललं की तपशील बदलतात. शेवटचा शब्द तुमच्या डिस्ट्रिक्टच्या कॅलेंडरचा.

आधी कॅलेंडर फ्रिजवर

डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवरून शाळेचं वर्षाचं कॅलेंडर छापून घ्या आणि चार गोष्टींना रंग द्या: पूर्ण सुट्टी, अर्धा दिवस, शिक्षकांच्या भेटीचे दिवस, आणि हिवाळ्याची मोठी सुट्टी. नोव्हेंबर हा सगळ्यात फसवा महिना. निवडणुकीच्या दिवशी काही ठिकाणी शाळा बंद, कुठे शिक्षकांच्या अधिवेशनासाठी दोन दिवस बंद, भेटींच्या आठवड्यात मुलं जेवणाच्या वेळेलाच घरी, आणि चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, म्हणजे टर्की पक्षी भाजून घरच्यांनी एकत्र जेवायचा सण. ही तारीख १९४१ च्या कायद्यानं ठरलेली आहे. बुधवारी बहुतेक शाळा लवकर सुटतात, शुक्रवारी बंद असतात. दोघंही नोकरी करत असाल तर त्या अर्ध्या दिवसांची सोय आधीच लावून ठेवा. शाळेनंतरचं पाळणाघर त्या दिवशी उघडं असतं का, हे वेगळं विचारावं लागतं. मी ते विचारलं नव्हतं. मग ऑफिसच्या मीटिंगमध्ये लेक शेजारी बसून क्रेयॉनचे कागद सोलत होती.

शाळेच्या अॅपवर नोटिफिकेशन चालू करा आणि नवऱ्याचा, बायकोचा, दोघांचेही ईमेल द्या. एकाच्याच इनबॉक्समध्ये शाळा राहिली की घरात भांडणं होतात, हे अनुभवानं सांगते.

बर्फाचं वेगळं असतं. ‘स्नो डे’ किंवा ‘दोन तास उशिरा’ हा निरोप पहाटे पाचच्या सुमारास फोनवर येतो. फोन सायलेंटवर ठेवून झोपत असाल तर शाळेचा नंबर त्यातून वगळा.

शिक्षकांची भेट: पंधरा मिनिटं, तीन प्रश्न

भेटीची वेळ ऑनलाइन निवडायची असते आणि संध्याकाळच्या वेळा तासाभरात संपतात. लिंक आली की लगेच भरा. भेट १५ ते २० मिनिटांची असते. दारात पुढचे पालक उभे असतात, त्यामुळे ओळख-पाळख, हवापाणी यात पाच मिनिटं घालवू नका.

प्रगतिपुस्तकात टक्के नसतात. १ ते ४ असे आकडे असतात. ३ बघून माझ्या सासऱ्यांनी पुण्याहून विचारलं होतं, ‘म्हणजे पंचाहत्तर टक्केच का?’ तसं नाही. बहुतेक ठिकाणी ३ म्हणजे या इयत्तेला जेवढं यायला हवं तेवढं येतंय. ४ क्वचित मिळतो आणि नोव्हेंबरमध्ये तर फारच क्वचित. शिवाय गणित, वाचन यांच्या खाली वागणुकीचेही रकाने असतात: आपल्या पाळीची वाट बघते का, मदत मागते का, काम पुरं करते का. ते रकाने वरवर वाचू नका. शिक्षिका त्यांच्याबद्दलच जास्त बोलते.

माझे तीन प्रश्न ठरलेले आहेत. मधल्या सुट्टीत ती कुणाबरोबर खेळते? कुठल्या गोष्टीला ती अडते तेव्हा काय करते? आणि घरी एकच गोष्ट करायची असेल तर कोणती करू? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून मिळालेली दोन नावं लिहून घ्या, सुट्टीत उपयोगी पडतात.

इंग्रजीची अडचण असेल, किंवा भेटीला आजी-आजोबा जाणार असतील, तर दुभाषी मागा. सरकारी निधी घेणाऱ्या शाळांनी पालकांना समजेल अशा भाषेत माहिती द्यायची, हे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेलं बंधन आहे. त्याचे पैसे पडत नाहीत. मराठी दुभाषी फोनवरून जोडून देतात, म्हणून आठवडाभर आधी कळवा. पोरालाच दुभाषी करू नका. तिच्याबद्दलची तक्रार ती कशाला नीट भाषांतर करून सांगेल?

आणि घरी मराठी बोलता म्हणून माफीच्या सुरात बोलू नका. प्रवेशाच्या वेळी ‘घरची भाषा कोणती’ हा फॉर्म भरून घेतात, तो मूल इंग्रजीत कमी पडेल की काय हे तपासायला. मराठी बंद करा असा त्याचा अर्थ नाही.

दिवाळी शाळेत न्यायची असेल तर

न्यूयॉर्क शहराच्या शाळांना दिवाळीची सुट्टी देणारा कायदा २०२३ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०२४ ला त्या पहिल्यांदा दिवाळीसाठी बंद राहिल्या. न्यू जर्सीत एडिसनसारख्या काही डिस्ट्रिक्टमध्ये सुट्टी असते. जिथे नसते तिथेही या राज्याच्या मान्य धार्मिक सणांच्या यादीत दिवाळी आहे. आधी चिठ्ठी दिली तर ती गैरहजेरी मुलाच्या विरोधात धरत नाहीत. तुमच्या राज्यात काय आहे ते ऑफिसात विचारा. मागणारे पुष्कळ असतात, त्यांना नवल वाटत नाही.

वर्गात येऊन दिवाळीबद्दल सांगाल का, असं शिक्षिका विचारेल, किंवा तुम्हीच विचारा. इथे एक रेषा नीट समजून घ्यायची. १९६३ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं सरकारी शाळेत शाळेकडून बायबल वाचून घेणं घटनाबाह्य ठरवलं, पण धर्मांविषयी माहिती शिकवायला हरकत नाही असंही म्हटलं. म्हणून ‘आमच्या घरी आम्ही असं करतो’ हे चालतं, ‘चला, आपण सगळे मिळून आरती करू या’ हे चालत नाही. याच कारणानं ख्रिसमसच्या कार्यक्रमाला ‘विंटर कॉन्सर्ट’ म्हणतात.

वीस मिनिटांचा कार्यक्रम पुरतो. जळती पणती नाही, बॅटरीवरची. मी आमच्या किल्ल्याचे फोटो नेले होते: सोसायटीच्या आवारात दगडमातीचा केलेला, त्यावर हळीव पेरून आलेलं हिरवं, वर शिवाजी महाराज आणि पायथ्याशी प्लॅस्टिकची गाय, मावळ्यांपेक्षा मोठी. लक्ष्मीपूजनाबद्दल एकानंही प्रश्न विचारला नाही. किल्ल्याबद्दल चौदा हात वर. ‘दर वर्षी नवीन बांधता? तो मोडता? कोण मोडतं?’ पुढच्या वर्षी मी मातीच नेली आणि प्रत्येक टेबलानं ट्रेमध्ये एकेक किल्ला केला. सफाईवाल्या काकांसाठी ट्रेखाली वर्तमानपत्र अंथरायला विसरू नका.

टर्कीला वेश द्या

थँक्सगिव्हिंगच्या आधी बहुतेक किंडरगार्टन ते दुसरीच्या वर्गांत एक गृहपाठ येतो. कागदावर टर्की पक्ष्याची बाह्याकृती असते आणि घरच्यांनी मिळून तिला वेषांतर करून द्यायचं, म्हणजे ती जेवणाच्या ताटात जाण्यापासून वाचेल. ‘फॅमिली प्रोजेक्ट’ लिहिलेलं असतं. आपण भारतीय पालक हे वाचून दोन चुका करतो. एक तर रात्री जागून स्वतःच अप्रतिम टर्की करतो. किंवा ‘हे काय पोरखेळ’ म्हणून मुलाला एकटं बसवतो.

आमच्या टर्कीचा डबेवाला झाला. पांढरी टोपी, पिसाऱ्याच्या जागी डोक्यावरच्या लाकडी फळीत रांगेनं डबे, आणि प्रत्येक डब्यावर खुणेचे रंग. लेकीनं विचारलं, डबा कुणाचा ते त्यांना कसं कळतं? मग मी आणि नवरा दोघांनी मिळून खुणांची पद्धत समजावली: कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. तिनं आमच्याच बिल्डिंगसाठी स्वतःच्या खुणा काढल्या. त्या गृहपाठानं जेवढं शिकवलं तेवढं महिन्याभराच्या वर्कशीटनं शिकवलं नव्हतं, आणि कागदावर टोपी तिरकीच चिकटली होती.

थँक्सगिव्हिंगचं मूळ मानल्या जाणाऱ्या १६२१ च्या मेजवानीची गोष्ट मुलं शाळेतून घेऊन येतील. नोव्हेंबर हा १९९० पासून इथल्या मूळ रहिवाशांच्या वारशाचा महिना म्हणूनही पाळला जातो, आणि अनेक शिक्षक आता वाम्पानोआग लोकांची, म्हणजे त्या मेजवानीतल्या मूळ रहिवाशांची बाजूही सांगतात. घरी विचारा: तुमच्या गावाच्या जागी आधी कोण राहत होतं? आमच्याकडे उत्तर लेनापे असं निघालं. लायब्ररीतली बाई आनंदानं पुस्तकं काढून देते.

आणि जेवण? टर्की भाजायची सक्ती नाही. पण शाळेतल्या एखाद्या घरानं जेवायला बोलावलं तर जा. रिकाम्या हातानं जाऊ नका, आणि शाकाहारी असाल तर आधी सांगा. ‘स्टफिंग’ (टर्कीबरोबरचं पावाचं सारण) भाजीसारखं दिसतं, पण बहुतेक वेळा कोंबडीच्या रश्श्यात भिजवलेलं असतं.

बुक फेअर

शाळेच्या लायब्ररीत चार-पाच दिवस चाकांच्या कपाटांतून पुस्तकं मांडतात. मिळकतीचा काही वाटा शाळेला जातो. पहिल्या दिवशी मुलं फक्त बघून यादी करतात, दुसऱ्या वेळी पैसे नेतात. नाव लिहिलेलं पाकीट द्या किंवा ऑनलाइन खातं उघडा.

माझ्याकडून झालेली चूक अशी: लेकीला बरोबर ८ डॉलर दिले, पुस्तक ७.९९ चं. वर सेल्स टॅक्स लागतो हे तिला कुठून माहीत असणार, आणि खरं तर माझ्याही लक्षात नव्हतं. ती पुस्तक ठेवून खोडरबर घेऊन आली. आता आम्ही आदल्या रात्री टेबलावर नाणी पसरून टॅक्ससकट हिशेब करतो. क्वार्टर २५ सेंटचा, निकल ५ चा, डाइम १० चा. यातला डाइम निकलपेक्षा आकारानं लहान असतो आणि तिथेच सगळ्या पोरांचा गोंधळ उडतो. आपलाही.

पुस्तकांपेक्षा पेनं, पोस्टर आणि चकचकीत लॉकेटं जास्त खुणावतात. आमच्या घरचा नियम: एक पुस्तक आधी, उरलेल्या पैशांचं काहीही. पैसे नसतील किंवा द्यायचे नसतील तर तसं शिक्षिकेला दोन ओळींत लिहा. कित्येक शाळांत अशा मुलांसाठी पालक संघ गुपचूप सोय करतो. आणि हीच सगळी पुस्तकं पब्लिक लायब्ररीत फुकट मिळतात, हे पोराला त्याच आठवड्यात नेऊन दाखवा.

द्यायच्या पेट्या

फूड ड्राइव्ह म्हणजे गरजू घरांसाठी खाणं गोळा करायची मोहीम. तिच्या पेटीत काय टाकायचं त्याची यादी असते. डाळ-तांदूळ द्यावेसे वाटतात, आणि यादीत कोरडं धान्य असेल तर द्याही, पण कारखान्यातलं सीलबंद पाकीट. काचेच्या बरण्या नकोत. तारीख बघा. घरातला नको असलेला कॅन शोधण्यापेक्षा मुलाला दुकानात नेऊन त्याच्याच हातानं निवडू द्या: ‘तुला जेवायला आवडेल असं काहीतरी.’

कोट ड्राइव्हला धुतलेला, चालू चेन असलेला कोट. पहिला हिवाळा असेल आणि तुमच्याच मुलाला कोट हवा असेल तर शाळेच्या काउन्सेलरला (समुपदेशकाला) सांगा, तो कुणाला न कळता मिळतो. खेळण्यांच्या मोहिमांत बहुधा ‘टॉइज फॉर टॉट्स’ असते, अमेरिकी मरीन दलाच्या राखीव सैनिकांनी १९४७ मध्ये सुरू केलेली. त्यात खेळणं नवं आणि न गुंडाळलेलं लागतं. मी छान कागदात गुंडाळून रिबन लावून पाठवलं होतं, ते लेक परत घेऊन आली.

पार्टी आणि खाणं: इथे थांबून वाचा

डिसेंबरात सुट्टीच्या आधीच्या दिवसांत वर्गात पार्टी असते. ‘रूम पॅरेंट’ म्हणजे वर्गाचं काम बघणारी आई किंवा बाबा ऑनलाइन यादी पाठवतात आणि कोण काय आणणार ते नावापुढे लिहायचं. नव्यांनी कागदी प्लेटा-नॅपकिन घ्यावेत. स्वस्त, चुकायला वाव नाही, आणि तुमचं नाव यादीत दिसतं. ही शेवटची गोष्ट कमी समजू नका.

घरचं खाणं बहुतेक शाळांत चालत नाही. दुकानातलं, सीलबंद, घटकांची यादी छापलेलं हवं. अॅलर्जी हा इथे चेष्टेचा विषय नाही. वर्गात एका मुलाला शेंगदाणा चालत नसेल तर सगळ्यांनाच बंद. आपला फराळ या कसोटीवर लावून बघा. चिवड्यात शेंगदाणे आणि काजू. बेसनाच्या लाडवात बेदाण्याबरोबर काजू. चकलीवर तीळ. तीळ हा फेडरल कायद्यात नववा मुख्य अॅलर्जन म्हणून धरला जातो, १ जानेवारी २०२३ पासून लेबलवर लिहावाच लागतो. म्हणजे जानेवारीतला तिळगूळही बहुतेक वर्गांत वाटता येत नाही. दोन वर्षं आम्ही रंगीत कागदाचे लाडू केले आणि आत ‘गोड बोला’ देवनागरीत लिहिलं. मुलांनी ती अक्षरं गिरवली आणि दिवसभर एकमेकांना ‘गोर्ड बोला’ म्हणत राहिली.

दुसरी बाजू आपल्या ताटाची. शाकाहारी घरांनी जिलेटिन हा शब्द पाठ करावा. मार्शमेलो, गमी बेअर, पुष्कळशा चॉकलेटबाह्य गोळ्या यांत ते असतं आणि जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं. जिंजरब्रेडचं (आल्याच्या बिस्किटांचं) घर बांधायच्या दिवशी टेबलावर हेच सगळं मांडलेलं असतं. घरावर चिकटवायला हरकत नसेल तर फक्त ‘खायचं नाही’ सांगा. तेही नको असेल तर शिक्षिकेला आठवडाभर आधी लिहा आणि चालणाऱ्या गोळ्यांची पुडी सोबत द्या. ऐनवेळी मुलाला सगळ्यांसमोर ‘तुला चालत नाही’ म्हणायला लावणं वाईट.

पार्टीला मदतीला जायचं असेल तर ओळखपत्र जवळ ठेवा. दार कुलूपबंद असतं, बेल वाजवून कॅमेऱ्यात बघायचं, ऑफिसात लायसन्स दाखवलं की छातीवर लावायचं स्टिकर मिळतं. काही डिस्ट्रिक्टमध्ये बोटांचे ठसे किंवा पोलीस-पडताळणी लागते आणि तिला आठवडे लागतात. म्हणून डिसेंबरात जायचं असेल तर फॉर्म ऑक्टोबरात भरा.

पीटीए नावाचं प्रकरण

पालक-शिक्षक संघाची राष्ट्रीय संस्था १८९७ मध्ये मातांची परिषद म्हणून सुरू झाली. तुमच्या शाळेत तिची शाखा म्हणजे पीटीए असेल किंवा शाळेपुरता स्वतंत्र संघ म्हणजे पीटीओ; नव्या माणसाला फरक पडत नाही. दोन्हीकडे बैठकीत पाच-सहा जणीच बोलतात, त्या एकमेकींना किंडरगार्टनपासून ओळखतात, आणि पहिल्या दिवशी तुम्हाला वाटतं की हा बंद कंपू आहे. थोडासा असतोही. गप्पांत शिरायचा प्रयत्न करू नका, काम मागा. ‘मला तास आहे, काय करू?’ हे वाक्य इंग्रजीत पाठ करून ठेवा. बुक फेअरला गल्ल्यावर बसणं, कॉन्सर्टनंतर खुर्च्या आवरणं, कॅन मोजणं. खुर्च्या घडी करताना जी ओळख होते ती बैठकीत होत नाही. वर्षभरात असे चार तास पुष्कळ झाले. सगळं करणाऱ्या पालकांकडे बघून स्वतःला कमी लेखू नका. त्यातले निम्मे फेब्रुवारीत थकतात.

कॉन्सर्ट, आणि सांताचा नाजूक मुद्दा

गाण्याच्या कार्यक्रमाला ‘पांढरा शर्ट, काळी पँट’ असा निरोप येतो. आधीच्या आठवड्यात दुकानात त्या मापाचं काही उरत नाही. थँक्सगिव्हिंगलाच घ्या. गाण्यांत ख्रिसमस, हनुका आणि क्वान्झा या तिन्हींचं काहीतरी असतं. हनुका हा ज्यूंचा आठ रात्रींचा दिव्यांचा सण. त्याची तारीख आपल्या सणांसारखीच दर वर्षी सरकते, हे सांगितलं की मुलांना लगेच जवळचा वाटतो. क्वान्झा १९६६ मध्ये सुरू झाला, २६ डिसेंबर ते १ जानेवारी, आफ्रिकी-अमेरिकी समाजाचा.

सांता तुमच्या घरी येतो की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण ‘तो खोटा असतो’ हे तुमच्या पोरानं मधल्या सुट्टीत जाहीर केलं तर संध्याकाळी चार घरांतून तुम्हाला मेसेज येतील. आम्ही लेकीला म्हणालो, ‘तो त्यांच्या घरचा पाहुणा आहे. पाहुण्याबद्दल दुसऱ्याच्या घरी बोलत नाहीत.’ तिला पटलं.

शिक्षिकेला काय द्यायचं

महागडं काही नाही. सरकारी शाळेतल्या शिक्षकांवर भेटींचे निर्बंध असतात. मॅसेच्युसेट्समध्ये उदाहरणार्थ ५० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची वैयक्तिक भेट घेता येत नाही. वर्गानं मिळून दिलेली १५० डॉलरपर्यंत चालते, कुणी किती दिले ते न सांगता. बहुतेक वर्गांत रूम पॅरेंट वर्गणी काढतात. ती ऐच्छिक असते. आणखी एखादा मग नको, त्यांच्याकडे कपाटभर असतात. मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी द्या, त्यात एक नेमकी गोष्ट लिहिलेली: ‘तुम्ही मला वजाबाकी बाणांनी शिकवली.’ बसचा ड्रायव्हर, नर्स, कॅफेटेरियातल्या मावशी यांना कुणी विचारत नाही. त्यांच्यासाठी चार कार्डं जास्तीची करा.

भारतात जायचं असेल

मोठी सुट्टी साधारण ख्रिसमसच्या आसपास सुरू होते आणि १ जानेवारीनंतर एक-दोन दिवसांत संपते. एवढ्यात आजोळ होत नाही, म्हणून आपण पुढे-मागे दोन आठवडे जोडतो. शाळेचे साधारण १८० दिवस धरले तर त्यातले १० टक्के, म्हणजे १८ दिवस बुडाले की मूल ‘सततच्या गैरहजेरी’च्या यादीत जातं. लग्न, आजारपण, तिकीट स्वस्त होतं, यातलं शेवटचं कारण कुठेच माफ होत नाही. काही ठिकाणी सलग ठरावीक दिवस अनुपस्थित राहिलं तर नावही कमी करतात. तिकीट काढायच्या आधी ऑफिसला लिहून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. शिक्षिकेकडे कामाचा गठ्ठा मागू नका, वही मागा. रोज अर्धं पान: आज काय पाहिलं, किती वाजता, कितीला. आमच्या लेकीनं मंडईतल्या भाज्यांचे भाव डॉलरमध्ये करून आणले होते, ते वर्गाच्या भिंतीवर लागले.

आणि इथेच राहणार असाल

दोन आठवडे, बाहेर गोठवणारी थंडी, साडेचारला अंधार. वर्कबुक विकत घेऊ नका. शाळा बहुधा रोज वीस मिनिटं वाचन एवढंच मागते, आणि मराठी वाचनही त्यात लिहिता येतं. शिक्षिकेला विचारा, ती हो म्हणेल. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी आहेत, छापूनही घेता येतात. जवळच्या महाराष्ट्र मंडळाची रविवारची शाळा असेल तर जानेवारीत नव्या मुलांना घेतात का ते बघा.

स्वयंपाकघर हा दुसरा वर्ग. ओव्हन फॅरनहाइटमध्ये, आजीची कृती वाटीत, पाकीट औंसात. नानकटाई करताना विचारा: एका कपात १६ टेबलस्पून, मग पाव कपात किती? आणि आजीची वाटी म्हणजे किती कप? आजीला फोन करून तिच्या वाटीत किती चमचे पाणी मावतं ते मोजायला सांगा. फोनची वेळही हिशेबाचीच: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात आणि पूर्व किनारा भारतापेक्षा साडेदहा तास मागे पडतो. सकाळी साडेआठला फोन केला तर तिकडे संध्याकाळचे सात, दिवे लावायची वेळ.

पण आमच्या घरी सगळ्यात रंगलेला उद्योग सावलीचा. २१ डिसेंबर, वर्षातला सगळ्यात लहान दिवस. ऊन असेल तर बाराच्या सुमारास मुलाला अंगणात उभं करा आणि सावली टेपनं मोजा. न्यू जर्सीत ती उंचीच्या दुप्पट भरते. त्याच दिवशी पुण्यातल्या मावसभावाला गच्चीवर उभं करा, पण साडेबाराच्या सुमारास, कारण सूर्य तिकडे घड्याळाच्या बारानंतर अर्ध्या तासानं सगळ्यात उंच येतो. त्याची सावली त्याच्या उंचीहून थोडी कमीच भरते. दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले की ‘असं का?’ हा प्रश्न आपोआप येतो. संत्र्याची पृथ्वी आणि टॉर्चचा सूर्य करून पुढचा अर्धा तास जातो. लगेच उत्तर सांगू नका.

शिक्षिकेनं सांगितलेली ती दोन नावं आठवतात ना? त्यातल्या एका घरी २७ किंवा २८ तारखेला मेसेज करा. तोवर खेळण्यांचं नवेपण ओसरलेलं असतं आणि सगळे पालक कंटाळलेले असतात. ‘दोन तास आमच्याकडे पाठवा’ या वाक्याला त्या आठवड्यात कुणी नाही म्हणत नाही. अॅलर्जी विचारा, पाळीव प्राणी असेल तर सांगा, परत कधी न्यायला यायचं ते आकड्यात ठरवा. इथे ‘या निवांत’ म्हटलं की लोक गोंधळतात.

शाळा उघडते त्या सकाळी बर्फाचे बूट, हातमोज्यांची जास्तीची जोडी आणि लायब्ररीची पुस्तकं आदल्या रात्रीच दारापाशी ठेवा. धाकटं भावंड पुढच्या सप्टेंबरात किंडरगार्टनला जाणार असेल तर त्याच्या नोंदणीचा कागद बहुधा जानेवारीच्या फोल्डरमध्ये येतो. जन्मदाखला, लसींची नोंद आणि पत्त्याचे पुरावे लागतात. लसींची भारतातली पुस्तिका डॉक्टरांकडून इथल्या फॉर्मवर उतरवून घ्यायला वेळ लागतो, तेव्हा अपॉइंटमेंट आजच घ्या.